जाड पत्रा म्हणजे टिकाऊ हौदा?

वाचकाचं पत्र, थोडक्यात: आम्हा दोघा भावांचा मिळून एक अवजड कामाचा ट्रक आहे. एकूण वजनमर्यादा १६,००० किलो, व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या ॲक्सलमधलं अंतर, ४.२ मीटर. मागे फाळक्याशिवायचा सपाट हौदा आहे, साडेपाच मीटर लांब. त्यावर मिनी पोकलेन, ६ मीटरचे पाइप, परांचीचं सामान, कधी कधी सिमेंटच्या गोण्या, असं सगळं जातं. हौदा ३ मिलिमीटरच्या पत्र्याचा होता आणि सात वर्षांत त्याची वाट लागली. इंजिन, चेसिस अजून ठणठणीत आहेत, म्हणून नवा हौदा बांधून घेणार आहोत. बॉडी बांधणारे म्हणतात, ६ मिलिमीटरची चेकर प्लेट (उठावाच्या नक्षीचा पत्रा) टाका, पुन्हा बघायला नको. धाकटा भाऊ म्हणतो, अ‍ॅल्युमिनियमचा घेऊ, गंजणारच नाही. शिवाय पाइप बाहेर येऊ नयेत म्हणून हौदा एक मीटर वाढवावा, असंही त्याचं म्हणणं आहे. मी जाड पोलादाच्या बाजूचा. घरात रोज याच विषयावर वाजतं. नक्की काय करावं?

नमस्कार.

जुना हौदा कुठे कुठे गेला याचं वर्णन तुम्ही दोन-तीन ओळींत उरकलंत, पण माझ्या मते उत्तर तिथेच आहे. पहिला तडा गेला केबिनच्या मागे डावीकडे, हौद्याचा लांब चॅनल चेसिसला यू-बोल्टने आवळलेला आहे त्या जागी. तिथे दोनदा वेल्डिंग मारून घेतलंत आणि दोन्ही वेळा जोडाच्या शेजारून पुन्हा तडकलं. दुसरं, पत्रा गंजून चाळणी झाला तो सरसकट नाही, आडव्या चॅनलांच्या बरोबर वर, पट्ट्यापट्ट्यांनी. आणि तिसरं, मागच्या दीड मीटरात, पोकलेन चढतं-उतरतं तिथे, पत्र्याला खड्डे पडले.

ही तीन वेगवेगळी दुखणी आहेत आणि जाड पत्र्याने त्यातलं एकच बरं होईल, खड्ड्यांचं. बाकी दोन्ही ६ मिलिमीटरच्या हौद्यातही जशीच्या तशी उगवतील. म्हणून ‘पोलाद की अ‍ॅल्युमिनियम’ हा वाद मी जरा बाजूला ठेवते. तुमचा हौदा जोडांमध्ये मेला, पत्र्यात नाही. नवा कशाचा करायचा हे ठरवण्याआधी तो जोडायचा कसा हे ठरवा.

पहिल्या तड्यापासून सुरुवात करू. ट्रकची चेसिस म्हणजे दोन लांब उघडे चॅनल आणि मध्ये आडवे जोड. ती पिळली जावी अशीच बनवलेली असते. पुढचं डावं चाक खड्ड्यात आणि मागचं उजवं उंचवट्यावर गेलं की दोन्ही लांब चॅनल वेगवेगळ्या दिशांना कलतात, आणि त्यामुळेच चारही चाकं जमिनीला टेकून राहतात. हौदा या चेसिसवर पुढपासून मागपर्यंत करकचून आवळला तर तो या पिळण्याला अडवतो. मग सगळा ताण पहिल्या पकडीपाशी, म्हणजे केबिनच्या लगेच मागे, गोळा होतो. तुमचा हौदा तिथेच तडकला. त्यावर मारलेल्या वेल्डिंगने ती जागा आणखी ताठ झाली, म्हणून पुढचा तडा वेल्डच्या शेजारी आला.

इथे जाड किंवा हाय-टेन्साइल पोलादाची मात्रा चालत नाही. एकाच भाराने पुन्हा पुन्हा दमून तुटणं, ज्याला फटीग म्हणतात, त्यात वेल्ड केलेल्या जोडाची ताकद पोलाद साधं आहे की भारी यावर जवळजवळ अवलंबून नसते. जोडाचा आकार कसा आहे आणि तो कुठे बसवलाय यावर असते. शिवाय २५० मेगापास्कलचं साधं पोलाद आणि ३५० चं भारी पोलाद, दोघांचा ताठपणा एकसारखाच. भारी पोलाद उशिरा वाकतं, पण लवचिकतेने झुकतं तेवढंच.

उपाय साधा आहे, आणि बहुतेक ट्रककंपन्या तो बॉडी बांधणाऱ्यांसाठीच्या पुस्तिकेत देतात. चेसिस आणि हौदा यांच्यामध्ये एक सबफ्रेम, म्हणजे हौदा पेलणारी वेगळी चौकट, असावी. तिचं पुढचं टोक सरळ कापून न सोडता तिरकं निमुळतं केलेलं असावं, म्हणजे ताण एका रेषेवर न येता पसरतो. पुढच्या पकडी स्प्रिंगवाल्या, थोडं वर-खाली होऊ देणाऱ्या हव्यात. मागच्या पकडी मात्र पक्क्या प्लेटच्या, चेसिसच्या उभ्या भिंतीला बोल्टने जोडलेल्या हव्यात, कारण ब्रेक मारल्यावर हौद्याला पुढे सरकू न देण्याचं काम त्यांचं असतं. तुमच्या ट्रकची ती पुस्तिका मिळवा आणि कारागिराच्या हातात द्या. भोकं कुठे पाडायची, कुठे नाही, हे त्यात चित्रासकट असतं. चेसिसच्या वरच्या आणि खालच्या आडव्या पट्टीला भोक पाडू देऊ नका, कारण वाकताना सगळ्यात जास्त ताण तिथेच असतो. आणि चेसिसला वेल्डिंग तर नाहीच. हौद्याचं वेल्डिंग गाडीवरच करायची वेळ आली तर आधी बॅटरी सोडवा आणि अर्थिंगचा चिमटा वेल्डच्या अगदी जवळ लावा, नाहीतर इंजिनच्या कंट्रोल युनिटचा बळी जातो.

यू-बोल्टच वापरायचे झाले तर चेसिसच्या पोटात ठोकळा बसवावा लागतो. तो नसेल तर बोल्ट आवळताना चॅनलच्या पट्ट्या आत मुडपतात. बरेच जण लाकडाचा ठोकळा घालतात. सायलेन्सरजवळ तो कधीही नको, तिथे लोखंडीच घाला. लाकूड तापून पेटण्याचा धोका खरा आहे.

आता गंजाच्या पट्ट्या. त्या नेमक्या चॅनलांवरच का आल्या? जुना पत्रा चॅनलवर ठेवून मध्ये मध्ये वेल्डचे टाके मारलेले असणार. दोन टाक्यांच्या मधल्या कागदाएवढ्या फटीत पाणी ओढलं जातं आणि तिथून ते लवकर बाहेर पडत नाही. रंग फटीच्या आत पोचत नाही. वरून हौदा चकचकीत दिसतो आणि आत दोन्ही बाजूंनी खाल्ला जात असतो. सिमेंटची धूळ, माती तिथे साचली की ओल आणखी टिकते. ६ मिलिमीटरचा पत्रा हा गंज थांबवत नाही, फक्त आरपार भोक पडायला जास्त वर्षं लावतो. खालचा चॅनल तोवर तितकाच झिजलेला असतो.

यावर मार्ग तीन. एक, फट बंद करणं: जोडायच्या आधी दोन्ही पृष्ठभागांना वेल्डिंग सोसणारा प्रायमर, टाके मारून झाले की कडेने सलग सीलंट, मग रंग. सलग वेल्ड जास्त भक्कम वाटतो, पण पातळ पत्र्यावर तो लांबच लांब मारला की पत्रा लहरीसारखा उचलतो, म्हणून चांगला कारागीर जागा बदलत बदलत टाके घेतो. दुसरा मार्ग हॉट-डिप गॅल्व्हनायझिंग, म्हणजे तयार सांगाडा सुमारे ४५० अंश सेल्सिअसच्या वितळलेल्या जस्तात बुडवणं. पोकळ नळ्यांच्या आतूनही थर बसतो, आणि रंगात हे होणे नाही. आयएसओ १४६१ या मानकात ६ मिलिमीटरपेक्षा जाड पोलादावर सरासरी ८५ मायक्रॉन थर मागितला आहे, ३ ते ६ मिलिमीटरवर ७० मायक्रॉन. मात्र हे आधी ठरवावं लागतं. नळ्यांना हवा आणि जस्त आत-बाहेर जाण्यासाठी भोकं लागतात आणि बंद पोकळ्या चालत नाहीत, कारण आत अडकलेली हवा किंवा ओल तापून जोड फुटू शकतो. हौदा बांधून झाल्यावर ‘आता झिंक करून घेऊ’ म्हणून चालणार नाही. सांगाडा गॅल्व्हनाइझ करून त्यावर फळ्या किंवा पत्रा बोल्टने बसवणं हा मला सगळ्यात समाधानकारक मेळ वाटतो. पुढे एखादा तुकडा खराब झाला तर तेवढाच काढता येतो. जस्त चढवलेल्या भागावर पुन्हा वेल्डिंग करायचं तर आधी जस्त घासून काढा. जळणाऱ्या जस्ताचा धूर छातीत गेला तर ताप भरतो.

तिसरा मार्ग लाकडाचा. लाकूड म्हटलं की जुनाट वाटतं, पण अवजड यंत्रं वाहणाऱ्या ट्रेलरवर आजही डिप्टेरोकार्पस जातीच्या झाडांच्या फळ्या असतात. बाजारात गर्जन, केरुइंग, अपिटाँग अशा नावांनी ही लाकडं येतात. दणके सोसतात, पोकलेनचे लोखंडी पट्टे त्यावर घसरत नाहीत, आणि फळी खराब झाली की एकटी बदलता येते. चेकर प्लेटवर, त्यातून ती ओली असेल तर, लोखंडी पट्ट्याचं यंत्र साबणावर ठेवल्यासारखं सरकतं. तुमच्या कामाला मागच्या भागात फळ्या किंवा निदान जाड रबरी मॅट हवीच हवी. फळ्यांना तेल पाजत राहावं लागतं आणि टोकं उघडी ठेवून चालत नाही, एवढी तयारी असेल तरच मात्र त्या वाटेला जा.

उरले खड्डे, आणि इथे तुमच्या कारागिराचं म्हणणं अर्धं खरं आहे. हिशेब करू. पोलादाच्या १ मिलिमीटर जाडीचं वजन चौरस मीटरला ७.८५ किलो. तुमचा हौदा साडेपाच बाय २.३ मीटर धरला तर सुमारे १२.६५ चौरस मीटर. ३ मिलिमीटरवरून ६ वर गेलात की पत्र्याचंच वजन जवळजवळ ३०० किलोनी वाढतं. ही चरबी गाडी रोज, रिकाम्या फेरीतही, घेऊन फिरणार.

पत्र्याचा ताठपणा जाडीच्या घनाने वाढतो. ३ चा ६ केलात तर आठपट, ३ चा ४ केलात तर सुमारे २.४ पट, आणि त्यासाठी वजन वाढतं १०० किलो. आता दुसरी बाजू बघा. पत्र्याची पट्टी तुळईसारखी धरली तर, ढोबळ मानाने, दोन आडव्या चॅनलांमधलं अंतरही घनानेच काम करतं. आज ते ४५० मिलिमीटर आहे असं तुम्ही लिहिलंत. ते ३०० केलं तर एका जागी पडणाऱ्या भाराखाली पत्रा दबण्याचं प्रमाण एक तृतीयांशाच्याही खाली येतं. त्याला साधारण सहा चॅनल जादा लागतील. ७५ मिलिमीटरचा चॅनल मीटरला सात किलोंच्या आसपास भरतो, म्हणजे इथेही १०० किलोच. तितक्याच वजनात फायदा जास्त, आणि खालचा सांगाडाही बळकट होतो. म्हणून मी तुमच्या जागी असते तर चॅनल ३०० वर आणले असते, पुढच्या भागाला ३ किंवा ४ मिलिमीटरचा पत्रा, आणि यंत्र चढतं त्या मागच्या दीड-दोन मीटरात ६ मिलिमीटर किंवा फळ्या. खडक, तोडफोडीचा राडारोडा वरून ओतला जाणार असता तर सगळीकडे जाड पत्रा मी स्वतःच सुचवला असता. तुमच्या सामानात तसं काही नाही.

धाकट्या भावाच्या अ‍ॅल्युमिनियमकडे येते. त्याचं म्हणणं उडवून लावू नका. अ‍ॅल्युमिनियम पोलादाच्या साधारण एक तृतीयांश वजनाचं असतं, तांबेरत नाही, रंगावाचूनही वर्षानुवर्षं राहतं. पण ताठपणाही एक तृतीयांशच असतो. तेवढाच हौदा तेवढ्याच आकाराच्या चॅनलांनी बांधला तर तो झोपाळ्यासारखा लवेल, म्हणून चॅनल खोल आणि जाड घ्यावे लागतात. दोन तृतीयांश वजन वाचणार ही आशा मग बरीच खाली येते. ६०६१-टी६ सारख्या मिश्रधातूची वेल्डच्या आसपासची ताकद साधारण ४० टक्क्यांनी घटते, म्हणून सांधा कुठे येतो आणि कोण जोडतो याला पोलादापेक्षाही जास्त महत्त्व येतं. पोलादाला एका ठरावीक ताणाखाली फटीग जवळजवळ होत नाही. अ‍ॅल्युमिनियमला अशी सुरक्षित रेषा नसते. लहान लहान धक्केही त्याच्या खात्यात जमा होत राहतात.

आणि ‘गंजणारच नाही’ हे पूर्ण खरं नाही. अ‍ॅल्युमिनियमचा हौदा पोलादी चेसिसला थेट टेकला आणि मध्ये खारं किंवा चिखलाचं पाणी आलं की दोन धातूंच्या जोडीत अ‍ॅल्युमिनियम खाल्लं जातं. पांढरी पूड सुटते, बोल्टभोवतीची जागा फुगते. मध्ये रबर किंवा नायलॉनची पट्टी आणि बोल्टना प्लॅस्टिकचे वॉशर घालून दोन्ही धातू वेगळे ठेवावेच लागतात.

मग कुणाचं बरोबर? ते एका प्रश्नावर ठरेल: तुमच्या फेऱ्या वजनाने भरतात की जागेने? पाच-सहा नेहमीच्या फेऱ्यांच्या वजनकाट्याच्या पावत्या काढा. बहुतेक फेऱ्यांत गाडी मर्यादेला टेकत असेल, तर हौद्यात वाचलेला प्रत्येक किलो मालाच्या रूपाने परत मिळतो आणि भावाचा मुद्दा जड होतो. पण हौदा भरला तरी वजनात दोन-तीन टन शिल्लक राहत असतील तर त्या हलकेपणाचा तुम्हाला फारसा उपयोग नाही. शिवाय तुमच्या नेहमीच्या वाटेवर अ‍ॅल्युमिनियमचं वेल्डिंग नीट करणारं कोणी आहे का? पोलादाचा हौदा बहुतेक कुठेही दुरुस्त होतो. पाइप आणि लोखंडी पट्ट्याचं यंत्र वाहणाऱ्या गाडीला, पावत्या वेगळं काही सांगत नसतील तर, मी पोलादच सुचवेन.

लांबी वाढवण्याला मात्र माझा स्पष्ट विरोध आहे. समजा हौदा मागच्या ॲक्सलच्या ३.५ मीटर पुढे सुरू होतो. साडेपाच मीटरच्या हौद्याचा मध्य मग ॲक्सलच्या ०.७५ मीटर पुढे येतो. त्यावर ८,००० किलो सारखे पसरले तर पुढच्या ॲक्सलवर जातात ८,००० गुणिले ०.७५ भागिले ४.२, म्हणजे साधारण १,४३० किलो. हौदा साडेसहा मीटरचा केलात की मध्य सरकून ०.२५ मीटरवर येतो आणि पुढच्या ॲक्सलवर जेमतेम ४७५ किलो उरतात. तेवढ्याच मालात जवळजवळ ९५० किलो मागच्या ॲक्सलवर गेले. पोकलेन अगदी मागे उभं केलंत तर ते पुढचा भाग उलट उचलायला बघेल. स्टिअरिंग हलकं पडतं, पुढचे ब्रेक नीट धरत नाहीत, मागचे पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या) आणि टायर आधी जातात. एकूण वजन मर्यादेत असूनही एका ॲक्सलवरचा भार मर्यादेबाहेर जाऊ शकतो. सहा मीटरचे पाइप साडेपाचच्या हौद्यातून अर्धा मीटर बाहेर येतात, नियमात बसत असेल तर ते येऊ द्या. माल किती बाहेर येऊ शकतो याचा तुमच्याकडचा नियम पाहा, टोकाला लाल फडकं किंवा दिवा लावा आणि नीट बांधा.

बांधण्यावरून आठवलं, तुमच्या पत्रात माल बांधायच्या कड्यांचा उल्लेखच नाही. युरोपातलं ईएन १२१९५-१ हे मानक आणि अमेरिकेतले रस्तावाहतुकीचे नियम, दोन्हींत माल पुढे जाऊ नये यासाठी त्याच्या वजनाच्या ०.८ पट, आणि बाजूला व मागे ०.५ पट जोर सोसण्याची अपेक्षा आहे. ३,००० किलोंचं यंत्र धरा. जोरात ब्रेक लागला की कड्या, साखळ्या आणि घर्षण मिळून २,४०० किलोंच्या वजनाएवढा जोर थोपवायचा आहे. पत्र्याच्या कडेला वेल्ड केलेली कडी हे करू शकत नाही. ती पत्रा सोलून वर घेऊन येते. कडीचा जोर सरळ आडव्या चॅनलमध्ये किंवा लांब चॅनलमध्ये उतरला पाहिजे. कड्या हौदा बांधतानाच बसवून घ्या, यंत्राच्या चारही कोपऱ्यांचा अंदाज घेऊन. हौद्याच्या कडेची पट्टी ही धक्का सोसण्यासाठी असते, तिला बांधणीचा भरवसा नको. पाइपांवरून पट्टा टाकताना तो जितका उभा तितका दाबतो. जमिनीशी ३० अंशांवर आला की खाली दाबणारा जोर निम्मा होतो. केबिनमागची जाळीही सबफ्रेमला जोडलेली हवी, नुसती पत्र्यावर उभी केलेली नको. पाइप पुढे सुटले तर त्यांच्या आणि तुमच्या भावाच्या पाठीच्या मध्ये तेवढीच एक गोष्ट असते.

कारागिराशी बोलताना ‘किती मिलिमीटर’ हा प्रश्न शेवटी विचारा. आधी विचारा: पुढची पकड कशी देणार, चॅनल किती अंतरावर, फट कशी बंद करणार, कड्या कशाला जोडणार, भरल्या गाडीचे पाटे पूर्ण दबल्यावर टायर आणि हौदा यांत किती जागा उरेल, केबिन पुढे उलटताना जाळीला लागणार नाही ना, डिझेलचं झाकण उघडतं ना. जो माणूस या प्रश्नांवर कागद-पेन घेऊन बसतो त्याला काम द्या, मग त्याने ४ मिलिमीटर सांगितले तरी. आणि रंग मारायच्या आधी एकदा हौद्याखाली जाऊन स्वतः बघा. रंगाखाली वाईट वेल्ड छान दिसतो. दिव्यांच्या वायरी भोकांतून रबरी कडीशिवाय ओढलेल्या असतील तर त्याच वेळी सांगा, पुढे त्या घासून शॉर्ट होतात.

नव्या हौद्याच्या पकडी पहिल्या काही भरल्या फेऱ्यांत बसतात आणि सैल होतात. पहिल्या आठवड्यात आणि मग महिन्याभराने टॉर्क पान्याने सगळे नट पुन्हा आवळून घ्या, आणि प्रत्येक नटावर रंगाची एक रेघ ओढून ठेवा, म्हणजे हललेला नट लांबूनच दिसेल.

वजनकाट्याच्या पावत्या काढल्यात तर पुढच्या आणि मागच्या ॲक्सलचं वजन वेगवेगळं करून आणा आणि मला पाठवा. पोकलेन हौद्यावर नेमकं कुठे उभं करायचं, ते त्यावरून मांडून देईन.